पाच वर्षं तर कुठल्याही वाटेनं लागणार. मधे हातात काय पडतं ते बघा

प्रश्न : माझी मुलगी कराडजवळच्या एका कॉलेजात बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. २०२४ च्या जूनमध्ये नव्या शैक्षणिक धोरणाखाली प्रवेश घेतला. एकही विषय राहिलेला नाही, सीजीपीए ७.८ आहे. कॉलेजवाले म्हणतात, चौथं वर्ष इथंच करा, ऑनर्स मिळेल आणि पुढे एम.एस्सी. एका वर्षात होईल. कॉलेजात एम.एस्सी. नाही. तिचे मामा म्हणतात, तीन वर्षांची डिग्री घ्या आणि नेहमीसारखी दोन वर्षांची एम.एस्सी. करा. तिला पुढे कॉलेजात शिकवायचंय, निदान आज तरी. धाकटा मुलगा बारावी सायन्सला आहे. त्याच्यासाठी एका खासगी विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या इंटिग्रेटेड एम.एस्सी.चं माहितीपत्रक आलंय. कर्ज काढावं लागेल. काय करावं? – एक आई, कराड

ताई, नमस्कार.

आधी हिशेब. मामा सांगतात ते ३ + २. कॉलेज सांगतं ते ४ + १. माहितीपत्रकातलं सरळ ५. तिन्हीची बेरीज पाचच. महाराष्ट्राच्या आराखड्यात प्रत्येक सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट (अभ्यासाच्या तासांचं माप) आहेत. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला किमान १६०. तीन वर्षांनंतरची एम.एस्सी. ८० क्रेडिटची, चार वर्षांनंतरची ४० ची. १२० आणि ८० म्हणजे २००. १६० आणि ४० म्हणजेही २००. त्यामुळे ‘एम.एस्सी. एका वर्षात’ हे ऐकायला छान वाटलं तरी वर्ष कुठंही वाचत नाही. एम.एस्सी.चं पहिलं वर्ष उचलून बी.एस्सी.ला जोडलंय, इतकंच. कुठलं शिक्षण कुठल्या पातळीचं हे ठरवणाऱ्या राष्ट्रीय पात्रता आराखड्यात ऑनर्सचं चौथं वर्ष आणि जुन्या पद्धतीच्या एम.एस्सी.चं पहिलं वर्ष दोन्ही ६.० या एकाच पातळीवर बसतात. म्हणून रिसर्च मेथडॉलॉजीचा ४ क्रेडिटचा पेपर आणि ४ क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग तुम्हाला दोन्हीकडे दिसेल.

मग फरक कशात आहे? प्रत्येक टप्प्यावर हातात कुठला कागद पडतो आणि त्या कागदावर पुढचं कुठलं दार उघडतं, यात. मुलीचा प्रश्न याच कसोटीवर लावू.

चौथं वर्ष केलं आणि एक वर्षाच्या एम.एस्सी.ला जागा मिळाली, तर गणित जमलं. जागा मिळाली नाही किंवा हव्या त्या विभागात एक वर्षाचा अभ्यासक्रमच नसला, तर ती दोन वर्षांच्या एम.एस्सी.ला बसणार. म्हणजे ४ + २, सहा वर्षं. या वाटेवरचा सगळ्यात मोठा खड्डा हाच आणि तो आत्ता दिसत नाही, कारण महाराष्ट्रात या वाटेनं फार कुणी गेलेलंच नाही. राज्यात हे धोरण २०२३-२४ मध्ये स्वायत्त कॉलेजं आणि विद्यापीठ विभागांत आलं, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ मध्ये. तुमच्या मुलीचं चौथं वर्ष २०२७-२८ मध्ये पडेल आणि एक वर्षाची एम.एस्सी. २०२८-२९ मध्ये. ज्या विद्यापीठात तिला जायचंय तिथं त्या वर्षी एक वर्षाच्या एम.एस्सी. केमिस्ट्रीला किती जागा असतील, बाहेरच्या कॉलेजच्या ऑनर्सवाल्यांना त्यात प्रवेश असेल का आणि निवड परीक्षेवर होईल की गुणांवर, याचं लेखी उत्तर मिळत नसेल तर चौथ्या वर्षाचा निर्णय निव्वळ आशेवर घेतल्यासारखा होईल.

आशेवर का विसंबू नये, याला दाखला आहे. दिल्ली विद्यापीठानं २०१३ मध्ये चार वर्षांची पदवी सुरू केली आणि २०१४ च्या जूनमध्ये ती मागे घेतली. ज्यांनी चार वर्षं धरून प्रवेश घेतला होता त्यांना तीन वर्षांच्या साच्यात बसवलं गेलं. यावेळी धोरण देशभर आहे, तेव्हा ते असं एका रात्रीत गुंडाळलं जाईल असं आम्हाला वाटत नाही. पण नियमांचे तपशील पहिल्या दोन-तीन तुकड्यांच्या अंगावरच बदलतात, आणि तुमची मुलगी त्याच तुकड्यांत आहे.

आता चौथ्या वर्षातलं एक पोटकलम. ऑनर्स दोन प्रकारचं असतं : नुसतं ऑनर्स आणि संशोधनासह ऑनर्स. दुसऱ्यासाठी पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के किंवा अधिक गुण लागतात आणि चौथ्या वर्षात १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. सीजीपीए ७.८ म्हणजे ७८ टक्के असं धरून चालू नका. टक्क्यांत रूपांतर करायचं सूत्र विद्यापीठागणिक बदलतं आणि बऱ्याचदा मार्कशीटच्या मागेच छापलेलं असतं. त्या सूत्रानं आकडा ७५ च्या वर येतो का, ते आजच काढून बघा; पाचव्या आणि सहाव्या सेमिस्टरला किती घसरगुंडी चालेल तेही त्यातून कळेल.

आणि कॉलेजात एम.एस्सी. नाही, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ आहे. संशोधनासह ऑनर्स चालवायला विभागात मान्यताप्राप्त पीएच.डी. मार्गदर्शक हवेत. प्रयोगाच्या एका क्रेडिटला ३० तास धरतात, म्हणजे १२ क्रेडिटचा प्रकल्प ३६० तासांचा झाला. मुलीला घेऊन केमिस्ट्री विभागात जा आणि चार गोष्टी डोळ्यांनी बघा : यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोफोटोमीटर चालू आहे की कपाटात झाकून ठेवलाय, रोटरी इव्हॅपोरेटर आहे का, एनएमआरसाठी सॅम्पल कुठं पाठवतात, त्याचे पैसे कोण भरतं. ही विचारपूस आगाऊपणाची वाटेल, वाटू द्या. याची उत्तरं नसतील तर ते ३६० तास इंटरनेटवरून पेपर उतरवण्यात जातात आणि एम.एस्सी.च्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत ते उघडं पडतं.

शिकवायचं म्हणते, तर पुढचं नीट वाचा. चार वर्षांची पदवी ७५ टक्क्यांनी मिळवली की एम.एस्सी. न करता थेट पीएच.डी.च्या प्रवेशाला पात्र होता येतं; विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या पीएच.डी. नियमांत ते आहे, राखीव प्रवर्गांना ५ टक्क्यांची सवलतही आहे. अशा विद्यार्थ्याला नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देता येते, पण ज्युनिअर रिसर्च फेलोशिप (संशोधनासाठीची विद्यावृत्ती) आणि पीएच.डी. प्रवेशापुरतीच, सहायक प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी नाही. त्या पात्रतेसाठी ५५ टक्क्यांची पदव्युत्तर पदवी हवी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ जी सेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा घेतं, तिलाही पदव्युत्तर पदवीच लागते. म्हणजे मुलीला एम.एस्सी. चुकत नाही. मग चौथ्या वर्षाचा जो खरा फायदा, थेट पीएच.डी., तो तिच्या कामाचा नाही.

म्हणून आमचं मत मामांच्या बाजूनं पडतं. कारण जुन्या सवयीचं नाही. तीन वर्षांनंतर बाहेर पडली तर चांगल्या विभागात तिला पूर्ण दोन वर्षं मिळतात. एक वर्षाच्या एम.एस्सी.त जुलै-ऑगस्टमध्ये प्रवेश, गाइड ठरेपर्यंत गणपती, प्रयोगशाळेत हात बसेपर्यंत दिवाळी, आणि पुढे सहा महिन्यांत प्रकल्प जमा. ज्याचं चौथं वर्ष भक्कम प्रयोगशाळेत गेलंय त्याला हे झेपतं. एम.एस्सी. नसलेल्या कॉलेजातून येणाऱ्या मुलीला ते जड जाईल.

तिच्यासाठी क्रम असा ठेवा. आयआयटीतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही परीक्षा असते. अर्ज साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. केमिस्ट्रीचा पेपर ६० प्रश्नांचा, १०० गुणांचा, ३ तासांचा. शेवटच्या वर्षाला असताना देता येतो. केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी पीजी आणि आपल्या विद्यापीठाची जी काही प्रवेशप्रक्रिया असेल ती. या तिन्हींत काहीच हाताला लागलं नाही तर चौथं वर्ष हा राखीव पर्याय राहतोच. एक अपवाद सांगतो : तिचं मन शिकवण्यापेक्षा संशोधनाकडे वळलं आणि तिला विद्यापीठाच्या विभागात किंवा मोठ्या संशोधन केंद्र असलेल्या कॉलेजात चौथ्या वर्षाला जागा मिळाली, तर उलट सल्ला. तिथं जाऊन संशोधनासह ऑनर्स जरूर करावं.

तीन वर्षांनंतर बाहेर पडणं आपोआप होत नाही, इथंच मुलं फसतात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात नाव आहे म्हटल्यावर बऱ्याच ठिकाणी सहाव्या सेमिस्टरला ‘एक्झिट’चा अर्ज भरून घेतात. तो भरला नाही तर नाव सातव्या सेमिस्टरच्या यादीत जातं, टीसी आणि पदवी प्रमाणपत्र अडकतं आणि एम.एस्सी.च्या प्रवेश फेऱ्या निघून जातात. दुसरी अडचण किरकोळ वाटणाऱ्या क्रेडिटांची. मेजरचे, म्हणजे मुख्य विषयाचे, पेपर सगळे अभ्यासतात. पण भारतीय ज्ञान प्रणाली, मूल्यशिक्षण, एनएसएस किंवा खेळाचे सहअभ्यासक्रम, फील्ड प्रोजेक्ट हे दोन-दोन क्रेडिटचे विषय आणि ऑन जॉब ट्रेनिंगचं प्रमाणपत्र वेळेत जमा झालं नाही तर १२० ची बेरीज पूर्ण होत नाही. सीजीपीए झकास आणि निकाल मात्र राखीव, असं होतं. पाचव्या सेमिस्टरच्या निकालानंतर तिनं सगळ्या मार्कशीटा पुढ्यात घेऊन क्रेडिटांची बेरीज स्वतः करावी.

तिसरी गोष्ट अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सची. विद्यार्थ्यानं मिळवलेले क्रेडिट तिथं ऑनलाइन साठवले जातात. त्यासाठीचा ओळख क्रमांक, म्हणजे अपार आयडी, तिचा काढलेला असेल. डिजिलॉकरमध्ये जाऊन झालेल्या सगळ्या सेमिस्टरांचे क्रेडिट चढलेत का बघा. न चढण्याचं नेहमीचं कारण म्हणजे आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळत नाही. आपल्याकडे आडनाव आधी की शेवटी, वडिलांचं नाव पूर्ण की आद्याक्षर, यात ते हमखास बिघडतं. दुरुस्तीला महिना-दोन महिने सहज जातात. क्रेडिट तिथं सात वर्षं टिकतात. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडलेल्याला तीन वर्षांच्या आत परत येऊन चौथं वर्ष करता येतं, आणि सगळं मिळून सात वर्षांत संपवावं लागतं. तेव्हा आत्ता बाहेर पडली म्हणून ते दार कायमचं लागत नाही.

आता चिरंजीव.

‘इंटिग्रेटेड’ या एका शब्दाखाली तीन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली, पाच वर्षांच्या शेवटी एकच पदवी : एम.एस्सी. (इंटिग्रेटेड). मधे काही नाही. दुसरी, दुहेरी पदवी. पुण्याच्या आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेतली बी.एस.-एम.एस. ही त्यातली. तिसरी म्हणजे खरं तर साधी ३ + २, फक्त एम.एस्सी.ची जागा त्याच संस्थेत राखून ठेवल्याचं आश्वासन, आणि त्या आश्वासनालाही बहुधा किमान सीजीपीएची अट. माहितीपत्रकात तिन्ही सारखेच दिसतात. तुमच्या हातातलं कुठलं, हे विद्यापीठाच्या त्या अभ्यासक्रमाच्या ऑर्डिनन्समध्ये किंवा नियमावलीत लिहिलेलं असतं. ती मागा. ‘वेबसाइटवर आहे’ म्हणाले तर त्यांच्यासमोरच उघडून घ्या.

तीन वर्षांनंतर मधे पदवी मिळते का, याची एवढी चौकशी का? कारण मुलगा आज सतरा वर्षांचा आहे आणि विसाव्या वर्षी त्याला वेगळं काही वाटेल, ही शक्यता चांगलीच मोठी आहे. तीन वर्षांनंतर बी.एस्सी. हातात असेल तर त्याला जॅम देता येते, बी.एड.ला जाता येतं, कॅट देऊन एमबीएला जाता येतं, बँकेच्या आणि एमपीएससीच्या परीक्षांना बसता येतं. एकच पदवी असलेल्या कोर्समध्ये या सगळ्याला पाचव्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. मधेच सोडलं तर कायद्यानं तो बारावी पास. कायद्याचा विषय निघालाच आहे तर, वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्सचं उदाहरण लक्षात ठेवण्यासारखं आहे : बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत १३ वा नियम स्पष्ट म्हणतो की दुहेरी पदवीचे तुकडे करून मधेच पदवी देऊन बाहेर पडता येणार नाही, आणि पदवीधर आहे म्हणून मधल्या वर्षाला आत येताही येणार नाही. तिथं निदान नियम उघड आहे. विज्ञानाच्या इंटिग्रेटेडमध्ये तो संस्थेगणिक बदलतो.

विद्यापीठाचं नाव यूजीसीच्या यादीत आहे का, आणि प्रमाणपत्रावर पदवीचं जे नाव छापणार ते यूजीसीच्या मान्य पदवीनामांत बसतं का, हे दोन्ही तपासा. भपकेबाज नावाची पदवी सरकारी अर्जाच्या ड्रॉपडाउनमध्ये सापडत नाही आणि मग समकक्षतेच्या पत्रासाठी पळापळ होते.

विज्ञानाची खरी ओढ असेल तर बारावीत असतानाच दोन परीक्षा देऊन बघाव्यात. आयसरसाठी आयएटी : ६० प्रश्न, फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि बायोलॉजीचे प्रत्येकी १५, तीन तास, बरोबरला ४ आणि चुकीला उणे १. बायोलॉजी सोडलेल्या मुलांना ते १५ प्रश्न नडतात. दुसरी नेस्ट, जिच्यातून भुवनेश्वरच्या नायसर आणि मुंबईत कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञान संस्थांत पाच वर्षांच्या एम.एस्सी.साठी प्रवेश मिळतो. यांपैकी कुठं जागा मिळाली तर ते माहितीपत्रक रद्दीत घाला. बोर्डात वरच्या १ टक्क्यात आला तर केंद्राच्या इन्स्पायर शिष्यवृत्तीचे वर्षाला ८०,००० रुपये मूलभूत विज्ञानाच्या बी.एस्सी.लाही मिळू शकतात आणि इंटिग्रेटेडलाही. त्यासाठी बोर्डाचं पात्रतापत्र लागतं, ते वेळेत घ्या.

कर्जाचं. पाच वर्षांच्या कोर्सला बँक पाचही वर्षांचं कर्ज एकदम मंजूर करते आणि हप्त्याहप्त्यानं संस्थेला देते. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि परतफेड कोर्स संपल्यावर एक वर्षानं सुरू होते. व्याज मात्र पहिल्या दिवसापासून चढतं. मुलगा तिसऱ्या वर्षी बाहेर पडला तर बँकेच्या लेखी कोर्स तिथं संपला आणि घड्याळ सुरू झालं. म्हणून पाचही वर्षांचं शुल्क लेखी घ्या. चौथ्या वर्षापासून ‘पीजी’चा दर लागतो, तो माहितीपत्रकाच्या तळटीपेत असतो. मेस, हॉस्टेल आणि दर वर्षीची वाढ त्यात धरा. सरकारी शिष्यवृत्तीवर भिस्त असेल तर महाडीबीटी पोर्टलवर त्या संस्थेखाली नेमका हाच कोर्स दिसतो का, ते प्रवेशाआधी बघा. संस्था दिसते आणि कोर्स दिसत नाही, असं होतं.

जागा अडकवायला लवकर पैसे भरलेत आणि नंतर आयसर मिळालं तर? यूजीसीच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा अधिक आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण शुल्क परत. त्यातून फार तर ५ टक्के आणि जास्तीत जास्त ५,००० रुपये प्रक्रियाखर्च कापता येतो. १५ दिवसांपेक्षा कमी आधी ९० टक्के, तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, त्यापुढे शून्य. अलीकडे यूजीसी त्या-त्या वर्षासाठी याहून सढळ परिपत्रक काढते, तेही बघून घ्या. मूळ मार्कशीट आणि टीसी संस्थेला ठेवून घेता येत नाहीत. पडताळणी करून परत द्यायची असतात. ‘मूळ कागद जमा करा’ म्हणाले की हे परिपत्रक दाखवा.

शेवटी, दोन्ही मुलांसाठी करायचं एक काम. तोंडी विचारू नका. साध्या कागदावर कुलसचिवांच्या नावे अर्ज करा. मुलाच्या अर्जात लिहा : ‘आपल्या पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रमात सहावे सेमिस्टर पूर्ण केल्यावर विद्यार्थ्यास बी.एस्सी. पदवी घेऊन बाहेर पडता येते काय? येत असल्यास कोणत्या कलमानुसार, किती क्रेडिटांवर, अर्जाची मुदत काय आणि पदवीचे नेमके नाव काय? चौथ्या वर्षात जाण्यासाठी किमान सीजीपीए किती?’ मुलीच्या अर्जात २०२८-२९ च्या एक वर्षाच्या एम.एस्सी. केमिस्ट्रीबद्दल वर सांगितलेले तीन प्रश्न. अर्जाची एक प्रत आपल्याकडे, तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सार्वजनिक विद्यापीठात तोच मजकूर माहिती अधिकाराच्या अर्जात घालता येतो. तिथं उत्तराला ३० दिवसांची मुदत आहे. खासगी विद्यापीठाकडून मात्र उत्तर आल्याशिवाय पहिला हप्ता भरू नका.